चंद्रीचा हिसका

गणपतराव चौगुल्यांनी उभी हयात एसटीचं स्टिअरिंग धरण्यात घालवली. कोल्हापूर–चंदगड ही त्यांची आवडती फेरी. चंदगडकडच्या पावसात काचेपुढचं काही दिसायचं नाही, पण त्यांची गाडी कधी कलंडली नाही की कुणाच्या परड्यात शिरली नाही. कसबा बावड्यात अजूनही सगळे त्यांना 'डायव्हर' म्हणूनच हाक मारीत. रिटायर होऊनसुद्धा घराच्या उंबऱ्यातून बाहेर पडताना ते आधी उजव्या बाजूला नजर टाकत, तिथं आरसा असल्यासारखी.

अशा माणसाला सायकल चालवता येत नव्हती, ही गोष्ट फक्त त्यांनाच ठाऊक होती.

लहानपणी सायकल मिळाली नाही आणि मोठेपणी एकदम बसच हाताशी आली. मधलं राहून गेलं ते राहूनच गेलं. सायकलवाल्यांवर त्यांचा राग होता, तो बहुधा त्यामुळंच. 'दोन चाकावर कुणी भरवसा ठेवावा' असं ते म्हणायचे, आणि ऐकणाऱ्याला ते शहाणपण वाटायचं.

नोकरी संपल्यावर मात्र पंचाईत झाली. घरात चंद्री नावाची म्हैस होती आणि बायकोची, झुंबरबाईंची, लुना होती. चंद्रीचं दूध किटल्यांत भरून झुंबरबाई रोज शाहूपुरीतले रतीब घालून यायच्या. एकदा गणपतरावांना पेन्शनीच्या कामाला शाहूपुरीतच जायचं होतं. पायी जायला उशीर होणार म्हणून बायकोच्या मागं बसले, मांडीवर किटली धरून. पाणंदीच्या तोंडाशी कुणीतरी विचारलं, "काय डायव्हर, आज कंडक्टरच्या शिटावर व्हय?"

गणपतराव हसले. पण त्या दिवशी त्यांना भाकरी गोड लागली नाही.

पोरगा राजवीर पुण्याला नोकरीला होता. त्याची शाळेतली सायकल गोठ्याच्या आढ्याला टांगून ठेवलेली होती. गणपतरावांनी ती उतरवली, हवा भरून आणली, आणि झुंबरबाई धार काढून रतिबाला गेल्या की ती घेऊन मागच्या माळावर जायला लागले. पडायचे, उठायचे, धोतर झटकायचे, घरी येऊन सायकल परत टांगायचे. झुंबरबाईंना वाटे, म्हाताऱ्याला फिरायची सवय लागली, बरं झालं.

आणि एका सकाळी जमलं. सायकल चालली. माळ मागं जायला लागला, कानात वारा शिरला. गणपतरावांना इतका आनंद झाला की त्यांनी तोंडानं हॉर्न वाजवला. तेवढ्यात समोर एक कुत्रं आडवं आलं. सायकलवाल्यानं काय करायचं? हातातला ब्रेक दाबायचा. पण गणपतरावांचा उजवा पाय एसटीत घडलेला. तो पाय जोरात हवेत खाली गेला, तिथं ब्रेक नव्हता, पेडल नव्हतं, काही नव्हतं. कुत्रं बाजूला झालं आणि गणपतराव उजव्या तळहातावर आपटले.

मनगट उलथन्यासारखं वाकलं होतं. त्यांनी डाव्या हातानं सायकल ओढत आणली, वैरणीत दडवली आणि गोठ्याच्या दारात बसले. झुंबरबाई आल्या तेव्हा गणपतरावांचा चेहरा राखेसारखा झाला होता.

"अवो, काय झालं?"

गणपतरावांची नजर चंद्रीवर गेली. चंद्री रवंथ करत उभी होती. गल्लीतली पोरं तिच्या पोटाला टेकून अभ्यास करायची, इतकी ती गरीब.

"हिनं हिसका दिला," गणपतराव म्हणाले. "दावं सोडताना."

झुंबरबाईंनी चंद्रीकडं बघितलं, नवऱ्याकडं बघितलं, परत चंद्रीकडं बघितलं. "हिनं?"

"मग काय मी मुद्दाम मोडून घेतलाय?"

मनगट तर समोर वाकडं दिसत होतं.

शाहूपुरीतल्या दवाखान्यात हाडांचे डॉक्टर घाटगे यांनी फोटो काढून बघितला. हाड सरकलं होतं. ओढून जागेवर बसवायचं, दोन तारा घालायच्या आणि वरनं प्लास्टर, असं त्यांनी सांगितलं. उद्या सकाळीच करू म्हणाले.

"गुंगी द्यावी लागंल?" गणपतरावांनी विचारलं.

"देऊ की. झोपेत होऊन जाईल."

गणपतरावांना भीती सुईची नव्हती, गुंगीची होती. त्यांच्या डेपोत एक मेकॅनिक होता. त्याचं हर्नियाचं ऑपरेशन झालं आणि गुंगी उतरता उतरता त्यानं बायको आणि सासऱ्यासमोर सांगून टाकलं की नाइट ड्युटी म्हणून आपण इतकी वर्षं कुठं पत्ते खेळायला जात होतो. पुढं कितीतरी दिवस तो माणूस डेपोतच झोपत होता. गणपतरावांना दिसायला लागलं, आपण खाटेवर पडलोय, तोंड आपोआप उघडतंय आणि सगळ्या बावड्याला ऐकू जाईल असं सायकल, सायकल म्हणतंय.

"मला गुंगी नगं," ते म्हणाले. "तसंच करा."

"तसंच कसं करू? बैलाला तरी करतील का तसं?" घाटगे डॉक्टर म्हणाले आणि भूल देणाऱ्या डॉक्टरांना बोलावलं.

त्या आल्या. तरुण होत्या, कपाळावर आठी नव्हती, नाव निशा कांबळे. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "काका, सगळ्या माणसाला झोपवायची गरजच नाही. मोडलाय हात, तर नुसता हात झोपवू. काखेत एक इंजेक्शन द्यायचं, खांद्याखालचा हात बधिर होतो. तुम्ही टक्क जागे राहाल, माझ्याशी बोलाल, आणि दुखणार नाही."

"गुंगीचं काय बी न्हाय? थेंबभर बी?"

"थेंबभरसुद्धा नाही. नंतरही झोप आणणारी, डोकं गरगरवणारी औषधं लागणार नाहीत. साध्या गोळ्यांवर भागेल."

"म्हंजे माझं तोंड माझ्याच ताब्यात?"

"पूर्ण," निशा डॉक्टर म्हणाल्या. असला प्रश्न त्यांना आजवर कुणी विचारला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी गणपतराव उपाशीपोटी टेबलावर आडवे झाले. निशा डॉक्टरांनी काखेत सुई लावली, तिला एक छोटं यंत्र जोडलं होतं. यंत्र चालू झालं आणि गणपतरावांची बोटं आपोआप उडायला लागली, हॉर्न दाबल्यासारखी.

"बाई, माझा हात माझं ऐकंना झालाय."

"आता थोडा वेळ माझं ऐकेल."

हळूहळू हाताला मुंग्या आल्या, मग तो गरम वाटला, मग जड झाला, आणि मग तो नव्हताच. गणपतराव मान वळवून बघायचे तर हात तिथंच होता, पण ओळखदेख नसलेल्या पावण्यासारखा.

मध्ये हिरवा पडदा बांधला. पलीकडं घाटगे डॉक्टरांनी हात ओढायला सुरुवात केली. गणपतरावांचा खांदा गदगद हलत होता, पण दुखत काही नव्हतं. बाजूला टीव्हीसारखं एक यंत्र होतं, त्यात काळ्यावर पांढरी हाडं दिसत होती.

"कुणाचं हाय हे?" गणपतरावांनी विचारलं.

"तुमचंच की."

"मोडलंय म्हणायचं चांगलंच," गणपतराव आस्थेनं म्हणाले.

निशा डॉक्टर त्यांच्या डोक्याशी बसल्या होत्या. पेशंटला बोलतं ठेवायचं म्हणून त्यांनी विचारलं, "काका, तुम्ही चंदगडच्या गाडीवर होता ना? मी चंदगडची. इथं हॉस्टेलला होते, दर सोमवारी पहाटे तुमच्याच गाडीनं यायची. धोंडीराम गुरुजींची मुलगी."

"गुरुजींची लेक व्हय? मग आधी का न्हाय सांगितलं?" गणपतराव एकदम खुलले. "गुरुजी लई सज्जन माणूस."

"तुम्ही गडहिंग्लजला चहाला थांबायचा आणि माझा पहिला तास बुडायचा."

"रस्ता खराब असायचा."

"आणि एकदा तुम्ही खिडकीतून एका सायकलवाल्याला काहीतरी बोलला होता. त्यातल्या दोन शब्दांचा अर्थ मी घरी जाऊन बाबांना विचारला."

"काय म्हणाले गुरुजी?"

"पुढच्या वेळेपासून नंतरची गाडी धर म्हणाले."

पडद्याआडून घाटगे डॉक्टर हसले. हाड जागेवर बसलं होतं, त्यामुळं त्यांनाही जरा सवड झाली होती. ड्रिल हातात घेत त्यांनी सहज विचारलं, "चौगुले, म्हैस कुठल्या बाजूला उभी होती हो?"

"डाव्या."

"म्हशीनं डावीकडं ओढलं तर तुम्ही डावीकडं जाल. उजव्या तळहातावर एवढ्या जोरात कसे आपटला?"

गणपतरावांचं तोंड त्यांच्या ताब्यात होतं, त्यांनी ते घट्ट मिटलं. पण छातीला लावलेल्या यंत्राचं तोंड त्यांच्या ताब्यात नव्हतं. इतका वेळ सावकाश टिक टिक करणारं ते यंत्र घाट उतरणाऱ्या गाडीसारखं पळत सुटलं. निशा डॉक्टरांनी त्या यंत्रावरचे आकडे बघितले, गणपतरावांच्या तोंडाकडं बघितलं, आणि घाटगे डॉक्टरांना म्हणाल्या, "सर, तुम्ही तार घाला."

गणपतरावांना त्यात गुरुजींचे संस्कार दिसले.

ऑपरेशन झालं, प्लास्टर झालं, त्यांना खाटेवर आणून निजवलं. डोळे मिटून पडले असताना त्यांच्या छातीवर धप्पकन कुणाचा तरी हात पडला. चांगला जड हात. गणपतराव गडबडले. डोळे न उघडताच हळू आवाजात म्हणाले, "सिस्टर, तेवढा हात काढा. मंडळी बाहीर बसल्यात."

"काका, तो तुमचाच आहे," सिस्टर लांबून म्हणाली.

झुंबरबाई आत आल्या. निशा डॉक्टरांनी दोघांनाही नीट समजावलं. "हात संध्याकाळपर्यंत बधिर राहील. तो जागा व्हायच्या आधीच ह्या गोळ्या पोटात गेल्या पाहिजेत. दुखायला लागल्यावर नव्हे, आधी. मग त्रास होत नाही."

दुपारी जेवण झाल्यावर झुंबरबाईंनी गोळ्या गणपतरावांच्या डाव्या हातात ठेवल्या आणि पाणी आणायला गेल्या. गणपतरावांनी विचार केला, दुखतंय कुठं? टाकी भरलेली असताना डिझेल कशाला ओतायचं? त्यांनी गोळ्या उशीखाली सारल्या आणि झुंबरबाई आल्यावर नुसतं पाणी प्याले. मग शेजारच्या खाटांवरच्या लोकांना हात दाखवत बसले. "तारा घातल्यात आत, दोन. मी डोळ्यांनी बघितलं. काय सुदिक दुखलं न्हाय. मुळात मनाची तयारी पायजे."

तिन्हीसांजेच्या आधी झुंबरबाईंचा भाऊ ज्ञानू हुपरीहून आला. हातात केळी होती. खाटेच्या कडेला बसत म्हणाला, "दाजी, आता काळजी करू नगा. चंद्रीला नेली मी सकाळीच."

"कुठं?"

"माझ्या मळ्यात. आक्काच म्हणाली, माणसाचा हात मोडणारं जनावर दारात नगं. पण माझ्या बी घरात पोरं हाईत. दोन-चार दिवस बांधतो, मग बाजार बघून काढून टाकतो."

"बाजारात?" गणपतराव उठून बसले.

"मग? मारकी म्हणून नाव झाल्यावर दुसरं कोण दावणीला बांधणार तिला? जाईल तिकडं जाईल."

झुंबरबाईंनी पदर तोंडाला लावला. चंद्रीला त्यांनीच रेडकू असल्यापासून वाढवली होती. "मला काय हौस हाय व्हय," त्या म्हणाल्या. "पण उद्या तुमच्या छातीवर पाय दिला तर मी काय करू?"

गणपतरावांनी काहीतरी बोलायला हवं होतं, चंद्रीचा काही दोष नाही असं काहीतरी. पण ते बोलायचं म्हणजे पुढचं सगळं बोलणं आलं. त्यांनी ज्ञानूकडं एक केळं मागितलं. तेवढ्यात प्लास्टरमधलं एक बोट हललं.

आधी त्यांना बरं वाटलं. मग मुंग्या आल्या. मग मनगटात कुणीतरी दिवा लावल्यासारखं झालं, आणि तो दिवा मोठा व्हायला लागला. बघता बघता मनगटात चुलवाण पेटलं. घाटगे डॉक्टरांनी सकाळी ओढलेलं, दाबलेलं, भोक पाडलेलं सगळं एकदम घरी पोचलं.

"आई गं," गणपतराव म्हणाले.

"काय झालं? गोळ्या तर घेतल्यासा की."

"न्हाय घेतल्या. उशीखाली हाईत." त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. एकदा एक खरं तोंडातून बाहेर पडल्यावर त्यामागचं थांबेना. "झुंबर, चंद्रीला आण. तिनं काय केलं न्हाय. मी सायकलवरनं पडलो."

"कशावरनं?"

"सायकलवरनं. राजवीरच्या. माळावर शिकत हुतो. मला सायकल येत न्हाय. कुत्रं आलं आडवं, ब्रेक घावला न्हाय. सायकल वैरणीत हाय, पुढचं चाक वाकडं झालंय."

ज्ञानूनं बहिणीकडं बघितलं आणि डोळा मिचकावला. "गुंगी," तो म्हणाला. "चढलीया दाजीस्नी. आमच्या चुलत्याला बी असंच झालतं. मी सरपंच हाय म्हणत हुता रातभर."

"आगं बया," झुंबरबाई म्हणाल्या आणि नवऱ्याच्या कपाळावरनं हात फिरवला. "एसटीचं डायव्हर आणि म्हणं सायकल येत न्हाय. गप पडा जरा. उतरंल आता."

शेजारच्या खाटांवरचे लोकही समजुतीनं मान हलवायला लागले.

गणपतरावांना दुखण्यातही कळलं की आपण सुटलो. एवढं सगळं सांगून बसलो आणि कुणाचाच विश्वास नाही. आता नुसतं डोळे मिटून घ्यायचे, उद्या सकाळी 'मी असलं बोललो व्हय' म्हणून विचारायचं, की झालं. त्यांनी डोळे मिटलेसुद्धा. पण मिटल्या डोळ्यांपुढं चंद्री आली, रवंथ करत, आपल्यावर काय बालंट आलंय याचा तिला पत्ताच नाही. आणि मनगटात चुलवाण पेटलेलंच होतं.

तेवढ्यात निशा डॉक्टर राउंडला आल्या. झुंबरबाई उठल्या. "बाई, बघा की ह्यास्नी. गुंगी डोक्यात गेलीया. सायकल सायकल करायल्यात."

निशा डॉक्टरांनी उशीखालच्या गोळ्या बघितल्या, त्या गणपतरावांच्या तोंडात घातल्या, पाणी पाजलं. सिस्टरला शिरेतून साधं दुखण्याचं औषध लावायला सांगितलं आणि प्लास्टरचा हात दोन उशांवर उंच ठेवला. मग झुंबरबाईंकडं वळल्या.

"मावशी, ह्यांना गुंगीचं काहीच दिलेलं नाही. सकाळीही नाही आणि आताही नाही. त्यांनी स्वतःच नको म्हणून सांगितलं होतं. हात तेवढा बधिर होता. डोकं सकाळपासून लख्ख आहे."

"म्हंजे?"

निशा डॉक्टरांनी एकदा गणपतरावांकडं बघितलं. यंत्र काढलेलं होतं, तरी त्यांना बहुधा ते पळताना ऐकू येत होतं. "म्हणजे आता जे बोलले, ते पूर्ण शुद्धीत बोलले," असं म्हणून त्या पुढच्या खाटेकडं गेल्या.

ज्ञानूनं केळी खाली ठेवली. झुंबरबाई नवऱ्याकडं बघत राहिल्या. आधी त्यांच्या तोंडावर राग आला, मग तो जाऊन दुसरंच काहीतरी आलं, मग परत राग आला.

"सायकल येत न्हाय तुमास्नी?"

"न्हाय."

"कधीच?"

"कधीच न्हाय."

"लगीन ठरताना मामा म्हणला हुता, पोरगा मोटार चालवतो. मी मनात म्हणलं, म्हंजे सायकल तर येतच असंल," झुंबरबाई म्हणाल्या. आणि त्यांना हसू फुटलं. तोंडात पदर कोंबला तरी खाट हलायला लागली. ज्ञानू हसला, शेजारचा बरगड्या मोडलेला माणूस 'हसवू नगा, दुखतंय' म्हणत हसला. गणपतरावांना वाटलं, आता धरणी दुभंगावी. पण गोळ्या लागू पडल्या, चुलवाण हळूहळू विझत आलं, आणि धरणी काही दुभंगली नाही. थोड्या वेळानं त्यांना भूक लागली.

पण प्रकरण तिथं मिटलं नाही. घरी आल्यावर झुंबरबाई दोन दिवस बोलल्या नाहीत. नवऱ्याला सायकल येत नाही याचं त्यांना काही नव्हतं, गरीब जनावराचं नाव खराब केलं याचं होतं. आणि ज्ञानूकडनं निरोप आला की चंद्री इकडं रमलीया, दूध बी चांगलं देतीया, पोरं तिच्या अंगावर लोळायल्यात, तर राहू दे. न्यायचीच असंल तर दाजींनी स्वतः यावं आणि समोर उभं राहून म्हशीची माफी मागावी.

"माफी?" गणपतराव म्हणाले. "म्हशीची?"

"मग माझी मागणार हुतासा?" झुंबरबाई म्हणाल्या आणि लुना बाहेर काढली.

गणपतराव गळ्यात हात अडकवून मागं बसले. पाणंदीच्या तोंडाशी कुणी काही विचारायच्या आधी त्यांनीच सांगून टाकलं, "मला सायकल येत न्हाय. म्हशीला आणाय निघालोय."

हुपरीत ज्ञानूच्या दारात सगळी गल्ली जमली होती. घरोघर चालणारं चांदीच्या पैंजणांचं काम टाकून बायका ओट्यांवर येऊन बसल्या होत्या. गणपतराव चंद्रीसमोर उभे राहिले. घसा साफ केला. एवढ्या माणसांपुढं म्हशीशी काय बोलायचं, ते त्यांना कळेना.

"चंद्रे," शेवटी ते म्हणाले, "चुकलं माझं. तुझ्यावर घातलं."

चंद्रीनं प्लास्टर हुंगलं, त्यात खाण्यासारखं काही नाही याची खात्री केली आणि तोंड फिरवलं. ज्ञानूनं जाहीर केलं की म्हशीला मान्य आहे.

परत येताना चंद्रीसाठी टेंपो केला. ड्रायव्हरशेजारी जागा होती, तरी गणपतराव मागं चंद्रीजवळ उभे राहिले, डाव्या हातानं दावं धरून. टेंपोमागनं झुंबरबाई लुनावर येत होत्या. रस्त्यात खड्डे होते. प्रत्येक खड्ड्याला गणपतराव दात आवळत होते आणि झुंबरबाईंना ते समोर दिसत होतं.

वाटेत टेंपोवाला चहाला थांबला. झुंबरबाईंनी लुना लावली, एक कप घेऊन टेंपोच्या मागच्या फळकुटाशी आल्या आणि तो गणपतरावांच्या डाव्या हातात दिला. दावं आपल्या हातात घेतलं. चंद्री शेपटीनं माशा वारत होती.

"पडलासा तवा," झुंबरबाईंनी विचारलं, "लई लागलं व्हतं का?"

इतके दिवस हाताची चौकशी डॉक्टरांनी केली होती, सिस्टरनी केली होती, सगळ्या बावड्यानं केली होती. गणपतरावांनी चहाचा घोट घेतला.

"लई," ते म्हणाले. "डोळ्यापुढं अंधारी आलती. बसलोच तसा. सायकल आणताना वाटंत दोनदा थांबलो."

"हाक मारायची."

"तू रतिबाला गेलतीस."

"तरी मारायची," झुंबरबाई म्हणाल्या, आणि त्यांचा रिकामा कप घेऊन टपरीकडं गेल्या.